गोळी थांबवली आहे, की थांबवली होती?

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, त्या वेळी मी पुण्याला लेकीकडे होतो. आठव्या दिवशी बेळगावला परतलो आणि पिशवी घरात ठेवून तडक दादांकडे गेलो. दादा आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. चेहरा टवटवीत, आवाजही खणखणीत. वहिनींनी चहा टाकला. मी सहज विचारले, "गोळ्या वेळच्या वेळी घेताय ना?"

"सगळ्या घेतोय की. ती रक्त पातळ करायची तेवढी बंद आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. दादांना हृदयाचा त्रास आहे. ती गोळी ते चार वर्षे एक दिवसही न चुकता घेत आले आहेत. "कुणी बंद केली?"

"डॉक्टरांनी. कागदावर लिहिलंय बघ."

सूनबाईंनी कागद आणून दिला. आमच्या या सूनबाईंचे माहेर धारवाडचे. घरात त्या सासूशी मराठीत बोलतात आणि मुलाला रागावताना कानडीत रागावतात. कागदावर एक इंग्रजी ओळ होती : 'ब्लड थिनर इज स्टॉप्ड फॉर सर्जरी.' खाली पुढच्या गोळ्यांची यादी होती, तीत या गोळीचे नाव नव्हते.

"काका, मी दोनदा वाचलं," सूनबाई म्हणाल्या. "इज स्टॉप्ड, म्हणजे 'निल्लिसलागिदे' असंच ना?" दादांनी तेच वाक्य मनात मराठीत वाचले होते : 'थांबवली आहे.' दोन भाषांनी एकच साक्ष दिली, मग घरात शंका कोण काढणार?

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ऑपरेशनपुरती थांबवली होती हो. तिसऱ्या दिवसापासून सुरू करायला सांगितलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" सांगितले असेलही. पण त्या धावपळीत ऐकायला कोण होते, ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. देवाच्या कृपेने काही विपरीत घडले नाही.

चूक कुणाची, याची चर्चा घरात बरीच झाली. 'पुन्हा कधी सुरू करायची' ही ओळ कागदावर स्वतंत्रपणे लिहायलाच हवी होती, यात वाद नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचे कारण निराळे होते. मी एकतीस वर्षे हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवले. 'ब्लड थिनर इज स्टॉप्ड' हे वाक्य माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले असते, तर मी त्यावर बरोबरची खूण केली असती. व्याकरणात ते कुठेच चुकत नाही. चुकला तो काळ. आणि तो कसा निवडायचा, हे मी एकतीस वर्षांत कधी नीट शिकवलेच नव्हते.

परीक्षेत काळ आयता मिळतो

वाचकहो, तुम्हीही शाळेत कर्तरी-कर्मणीची वाक्ये बदलली असतील. 'रामा किल्ड रावणा' दिले की आपण 'रावणा वॉज किल्ड बाय रामा' लिहून मोकळे. कानडी शाळेत शिकलेल्यांनाही हे नवे नाही. तिकडेही नावे तीच, कर्तरि आणि कर्मणि. 'रामनु रावणनन्नु कोंदनु' याचे 'रामनिंद रावणनु कोल्लल्पट्टनु' करायचे. बिचारा रावण तिन्ही भाषांच्या व्याकरणात मरतो!

पण यात एक गोम आहे. परीक्षेत मूळ वाक्य दिलेले असते. त्यात 'किल्ड' दिसले की मुलगा 'वॉज' लिहितो, 'किल्स' दिसले की 'इज' लिहितो. काळ निवडायचा नसतो, उतरवून काढायचा असतो. मार्क पूर्ण मिळतात आणि आपल्याला वाटते की पोराला आले.

आयुष्यात मात्र मूळ वाक्य कोणी देत नाही. नोकरीचा अर्ज, बँकेला पत्र, सोसायटीचे इतिवृत्त, दवाखान्याचा कागद, सगळीकडे आपल्यालाच ठरवावे लागते की इथे 'इज' की 'वॉज'. शिवाय अशा लिखाणात कर्मणीची वाक्येच जास्त. गोळी कोणी थांबवली, पत्र कोणी पाठवले, यापेक्षा ती थांबली, ते गेले, हे महत्त्वाचे असते. म्हणजे जिथे सराव सर्वांत कमी, तिथेच गरज सर्वांत जास्त.

काळ राहतो कुठे?

इंग्रजी कर्मणी वाक्यात दोन तुकडे असतात. एक 'रिटन', 'मेड', 'स्टॉप्ड' असा क्रियेचा शब्द. दुसरा त्याच्या आधी येणारा 'इज', 'वॉज', 'आर', 'वेअर' असा चिमुकला शब्द. पहिला तुकडा कधी बदलत नाही. 'इज रिटन', 'वॉज रिटन', 'विल बी रिटन', तिन्हींत 'रिटन' तोच. काळाचे सगळे ओझे चिमुकल्या शब्दाच्या डोक्यावर.

मुले इथेच फसतात. शाळेत या तिसऱ्या रूपाला आपण भूतकाळाच्या नावानेच ओळख करून देतो. एकदा एका मुलाने मला विचारले होते, "सर, 'स्टॉप्ड'मध्येच भूतकाळ आला की. मग 'इज' असू दे नाही तर 'वॉज', काय फरक पडतो?" मी त्याला 'नियम आहे, पाठ कर' म्हणून बसवले. आज तो भेटला तर मी त्याला सांगेन की बाबा, 'स्टॉप्ड'मध्ये काळ नाहीच. त्यात फक्त 'थांबवलेले' एवढेच आहे. कधी, ते आधीचा शब्द सांगतो.

आता आपल्या दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघू. मराठीत आपण तीन प्रकारे बोलतो : 'केले जाते', 'केले गेले', 'केले आहे'. कानडीतही अगदी हेच तीन प्रकार आहेत : 'माडलागुत्तदे', 'माडलायितु', 'माडलागिदे'. इंग्रजीत त्यांना जुळणारे तीन : 'इज डन', 'वॉज डन', 'हॅज बीन डन'. जोड्या लावल्या की चित्र स्वच्छ दिसते. 'केले जाते' म्हणजे 'इज डन'. 'केले गेले' म्हणजे 'वॉज डन'. 'केले आहे' म्हणजे 'हॅज बीन डन'.

पाय घसरतो तो तिसऱ्या पायरीवर. 'केले आहे' याच्या शेवटी 'आहे' बसलेले आहे, 'माडलागिदे'च्या शेवटी 'इदे'. आणि पहिलीपासून आपण घोकलेले असते की आहे म्हणजे इज, इदे म्हणजे इज. म्हणून 'अर्ज पाठवला आहे' याचे इंग्रजी आपण 'ॲप्लिकेशन इज सेंट' असे करतो. घरात एकच भाषा असती, तर दुसरी भाषा कदाचित सावध करती. आपल्याकडे दोघीही बहिणी एकाच बाजूने बोलतात, त्यामुळे चूक चूक वाटतच नाही.

आणखी एक अडचण आहे. कधी कधी 'आहे' म्हणजे खरोखरच 'इज' असते. 'दुकान बंद आहे', 'द शॉप इज क्लोज्ड'. 'फाटकाला कुलूप आहे', 'द गेट इज लॉक्ड'. इथे आपण घडलेली क्रिया सांगत नाही, आता डोळ्यांसमोर दिसणारी स्थिती सांगतो. दादांच्या कागदावरचे वाक्यही वाचणाऱ्याला असेच वाटले. गोळी बंद आहे, ही आजची स्थिती. लिहिणाऱ्याला सांगायची होती ती झालेली घटना. चिमुकला शब्द एकच, पण गोळी आठ दिवस डबीत पडून राहिली.

"आई आहे अजून, सर"

'इज'कडे मन ओढले जाण्याचे आणखी एक कारण मला एका मुलीने शिकवले. आठवीतली मुलगी. 'माझी आई' या निबंधात तिने लिहिले होते, 'माय मदर इज बॉर्न इन खानापूर.' मी लाल शाईने 'इज' खोडून 'वॉज' केले. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी.

"सर, 'वॉज' नको. आई आहे अजून."

मला हसू आले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळले. ती पुढे म्हणाली, "मागच्या निबंधात आजीसाठी 'इज' लिहिलेलं तुम्हीच खोडलं होतं. आजी वारली म्हणून 'वॉज' लिही म्हणाला होता."

तिचे चुकले नव्हते. 'वॉज' म्हणजे 'होती', आणि 'होती' हा शब्द आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी येतो. जिवंत आईच्या नावापुढे तो लिहायला तिचा हात धजत नव्हता. मराठीत आपण 'आईचा जन्म खानापूरला झाला' म्हणतो, कानडीत 'अम्म हुट्टिद्दु खानापुरदल्लि'. दोन्हीकडे भूतकाळच असतो आणि कोणाच्या पोटात गोळा येत नाही. कारण 'झाला' हे जन्माबद्दल आहे, आईबद्दल नाही. इंग्रजीत मात्र 'मदर' आणि 'वॉज' शेजारी शेजारी येतात, आणि पोर घाबरते.

मी तिला म्हटले, "आई 'इज'च आहे ग. फक्त तिचा जन्म 'वॉज' आहे. तो एकदाच झाला, त्या दिवशी झाला आणि संपला." तिने क्षणभर विचार केला आणि खाली बसून स्वतःच पुढची ओळ लिहिली : 'शी इज लव्ह्ड बाय एव्हरीवन इन अवर हाऊस.' पहिल्या ओळीत वॉज, दुसऱ्या ओळीत इज. जे एकदा घडले ते वॉज, जे रोज चालू आहे ते इज. एवढा सुंदर धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. पण मी तो वर्गात सांगितला नाही. पोर्शन पुरा करायचा होता!

आपल्या अवतीभवतीची उदाहरणे

दादांच्या प्रकरणानंतर मी आमच्या नातवाला, म्हणजे सूनबाईंच्या मुलाला, शनिवारी-रविवारी शिकवायला बसतो. तो नववीत आहे. पुस्तकातली वाक्ये बाजूला ठेवली आणि गावातली घेतली.

कुंदा घ्या. 'कुंदा इज मेड फ्रॉम मिल्क', कुंदा दुधापासून करतात. काल, आज, उद्या, कधीही. पण 'धिस कुंदा वॉज मेड यस्टरडे', हा समोरचा कुंदा काल केला.

किल्ल्यातली कमल बस्ती घ्या. 'कमल बस्ती वॉज बिल्ट इन १२०४.' ती १२०४ साली बांधली गेली, म्हणून वॉज. पण 'इट इज बिल्ट ऑफ स्टोन', ती दगडाची आहे, आजही. बस्ती एक, बांधणे एक, तरी काळ दोन. काँग्रेसचे अधिवेशन १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात झाले, तिथे 'वॉज हेल्ड'. दरवर्षी गणेशोत्सव होतो, तिथे 'इज सेलिब्रेटेड'.

पुस्तकांची गंमत आणखी निराळी. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली, म्हणून 'वॉज रिटन'. पण ती ओवीत आहे, हे सांगताना 'इज रिटन इन ओवी'. सूनबाई लगेच म्हणाल्या, "मग आमच्या कुमारव्यासांचं भारतही 'इज रिटन इन भामिनी षट्पदी'." अगदी बरोबर. लिहिण्याची क्रिया शेकडो वर्षांपूर्वी संपली, पण ग्रंथ समोर आहे, त्याचे वृत्त आजही तेच आहे.

पाटीवरची सूचना बघा. 'पार्किंग इज प्रोहिबिटेड' म्हणजे मनाई चालू आहे. तिथे 'वॉज' लिहिले तर लोक आनंदाने गाड्या लावतील!

शाळेतली प्रयोगवही बघा. 'वॉटर इज टेकन इन अ बीकर' असे लिहिले तर तो प्रयोगाचा सर्वसाधारण विधी होतो, कोणीही कधीही करावा असा. आपण स्वतः केलेल्या प्रयोगाची नोंद करायची तर 'वॉटर वॉज टेकन'. मुले एका ओळीत इज आणि पुढच्या ओळीत वॉज लिहितात, तेव्हा वाचणाऱ्याला कळत नाही की याने प्रयोग केला की नुसता उतरवून काढला.

महिला मंडळ किंवा पतसंस्थेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहावे लागले, तर 'इट वॉज डिसायडेड'. आपण मराठीत 'ठरविण्यात आले' लिहितो, कानडीत 'तीर्मानिसलायितु'. सभा झाली, ठराव झाला. पण नोटीस काढायची असेल तर 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड', कारण तो कागद हातात देणे हेच कळवणे. मराठीतही तिथे 'कळविण्यात येते' असा वर्तमानकाळच असतो. आपले जुने कारकून हे न शिकता बरोबर लिहीत.

मग ठरवायचे कसे?

नातवासाठी मी चार प्रश्न लिहून दिले आहेत. आपल्या घरातही उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न : 'कधी?' उत्तरात काल, परवा, सोमवारी, १९२४ साली असे संपलेले काही आले, तर डोळे झाकून 'वॉज'. इथे मराठीच्या 'आहे'ला अजिबात भुलायचे नाही. 'चेक काल पाठवला आहे' असे आपण सर्रास म्हणतो, कानडीतही 'निन्ने कळिसिद्दारे' म्हणतात. इंग्रजीला ते चालत नाही. काल आला की 'वॉज सेंट यस्टरडे'. तिथे 'इज सेंट' नको आणि 'हॅज बीन सेंट'ही नको.

दुसरा प्रश्न : 'नेहमी असेच का?' रोजची रीत, नियम, पद्धत असेल तर 'इज'. मराठीत 'जाते' किंवा 'करतात', कानडीत 'लागुत्तदे' आले की ही खूण.

तिसरा प्रश्न : 'झाले, पण कधी ते सांगायचे नाही, आणि परिणाम अजून आहे?' तर 'हॅज बीन'. 'फी भरली आहे', 'द फी हॅज बीन पेड'. आपल्या 'आहे' आणि 'इदे'चे खरे घर बहुतेक वेळा हेच.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वाक्यात 'अजूनही' हा शब्द घालून बघा. दुकान अजूनही बंद आहे? हो, तर 'इज क्लोज्ड'. गोळी अजूनही थांबवलेलीच ठेवायची? नाही, तर 'वॉज स्टॉप्ड', आणि त्यापुढे पुन्हा कधी सुरू करायची तेही लिहायचे. लिहिणाऱ्याने त्या दिवशी एवढा एक शब्द मनात घालून बघितला असता तर!

आणि वाचणाऱ्यानेही. कारण हे प्रश्न लिहिण्यासाठी जेवढे, तेवढेच वाचण्यासाठी आहेत. कागदावर 'इज' दिसले आणि अर्थाबद्दल मनात जरा जरी शंका आली, तर विचारावे. औषधाच्या बाबतीत तर आपण व्याकरण लावत बसूच नये. गोळी सुरू की बंद, हे डॉक्टरांनाच विचारावे आणि त्यांच्याकडून आपल्याला कळेल अशा भाषेत लिहून घ्यावे. इंग्रजीचा मास्तर घरात असला तरी!

परवा दादांकडे गेलो, तेव्हा गोळ्यांच्या डबीवर सूनबाईंनी एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. वहिनींसाठी मराठीत : 'ही गोळी रोज रात्री. थांबवू नये.' खाली स्वतःसाठी कानडीत : 'निल्लिसबारदु.' चिठ्ठीत इंग्रजी एक अक्षर नव्हते. दादा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, यात 'इज' कुठे आणि 'वॉज' कुठे?"

मी म्हटले, "यात नाही, म्हणून तर ती बरोबर आहे."